जेवण तयार होईपर्यंत

आत्याला कामचुकार माणसांचा मनस्वी तिटकारा होता, आणि तिच्या दुर्दैवाने तिच्या भावाच्या शेतावर सतत नवेनवे कामचुकार येत असत. निदान आत्याच्या मते तरी ते कामचुकारच. शेतांवर अशी माणसं धाडणारी एक संस्था होती, तिच्या भाषेत त्यांना स्वयंसेवक म्हणत. शेतावर काम करायचं, बदल्यात राहायला खोली आणि जेवणखाण मिळवायचं, पगाराचं नाव काढायचं नाही, असा तो मामला. आत्या त्यांना फुकटे म्हणायची. "आले फुकटे," असं पुटपुटत ती फाटक उघडायची, आणि ते बिचारे पाठीवरची बोचकी सावरत तिच्याकडे बघून गोड हसायचे.

भावाला ती बाळ्या म्हणायची. बाळ्याचं टक्कल पडूनही जमाना झाला होता, पण बहिणीच्या तोंडी तो बाळ्याच. जन्मभर ऑफिसात खुर्ची झिजवल्यावर बाळ्याला एकाएकी मातीची ओढ लागली. मातीची ओढ लागली, पण वाकायची ओढ काही लागली नाही. त्याने शेत घेतलं, शेळ्या घेतल्या, कोंबड्या घेतल्या, एक मोठी गवती टोपी घेतली, आणि मग व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसून मांडीवरच्या लॅपटॉपवर जगाला आमंत्रणं धाडायला सुरुवात केली. 'या, आमच्या कुटुंबात सामील व्हा. इथे कोणी मालक नाही, कोणी मजूर नाही.' यातलं मालक नसल्याचं तेवढं थोडंफार खरं होतं. मालक असा दुपारपर्यंत कुणाच्या दृष्टीला पडतच नसे.

बाळ्याची बायको साबण बनवायची. ते कोणी विकत घेत नसल्यामुळे घरातली सगळी माणसं भलतीच स्वच्छ होती. एवढं सोडलं तर भावजयीच्या कष्टांविषयी सांगण्यासारखं फारसं काही नाही.

राबायची ती आत्या. नवरा गेल्यावर भाड्याच्या खोल्या सोडून ती इथे आली, तेव्हा बाळ्या स्वतः तिची ट्रंक उचलून आत घेऊन गेला होता. "ताई, ही खोली तुझी," तो म्हणाला होता. "कायमची. इथून तुला कोणी हलवणार नाही." खोली पूर्वेकडची होती, खिडकीतून सकाळचं ऊन थेट पलंगावर यायचं. पण आत्याला त्या उन्हाचं कौतुक नव्हतं, कौतुक होतं कडीचं. दाराला आतून कडी होती. लग्नाआधी बहिणींच्या गर्दीत, लग्नानंतर सासू, दीर आणि दिराची पोरं यांच्या गर्दीत झोपलेल्या आत्याने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आतून कडी लावली आणि त्या सुखाने तिला कितीतरी वेळ झोपच आली नाही. त्या कडीसाठी ती बाळ्याच्या शेतावर काय वाटेल ते करायला तयार होती. बाळ्यानेही तिला काय वाटेल ते करू दिलं.

आता करार. स्वयंसेवकांशी करार साधा होता: न्याहारीपासून दुपारच्या जेवणापर्यंत काम, पुढचा दिवस ज्याचा त्याचा. ज्याला हिंडायचं त्याने हिंडावं, ज्याला लोळायचं त्याने लोळावं. ऐकायला किती सुटसुटीत! पण बाळ्याच्या डोक्यात ऑफिसची वर्षं मुरलेली होती. दुपारचं जेवण कधी, हे काही करारात म्हटलेलं नव्हतं. जेवण तयार झालं की दुपार झाली, असं त्याने बिनबोभाट ठरवून टाकलं. टोमॅटो तोडायला आले, कांदे उपटायला आले, की भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन अंगावरचं पीस झटकावं तशी सहज म्हणायची, "वन्सं, आज सूप जरा सावकाश चढवा हं."

आणि आत्या सावकाश चढवायची. बटाटे बारीक आचेवर ठेवायची. मटार सोलायचे राहिलेत असं तिच्या लक्षात यायचं, मग ती सोलायला बसायची. बाहेर फुकटे वाफ्यांमध्ये वाकलेले, पोटात कावळे ओरडतायत, आणि आत आत्या लाकडी चमचा ढवळत शांतपणे शिजणाऱ्या बटाट्यांकडे बघतेय. सावल्या लांबायला लागल्या की मग ती पातेलं उतरवायची आणि हाक मारायची, "चला, जेवण तयार!" यात आपण काही लबाडी करतोय असं तिच्या मनातही येत नसे. उलट तिला वाटायचं, या ऐतखाऊ शहरी लोकांकडून चार जास्तीचे वाफे करून घेतले तर बिघडलं काय? आपण नाही का करत?

मग पार्लरवाली आली.

पार्लरवालीने आयुष्यभर लोकांचे केस कापले होते. उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगल्या, म्हणून पार्लर भाचीच्या ताब्यात देऊन ती काही महिने मोकळ्या हवेत राहायला निघाली होती. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत, नजर आरशासमोरच्या गिऱ्हाइकाला न्याहाळावं तशी. तिला पेंडीची खोली मिळाली. शेळ्यांच्या पेंडीची पोती, कोंबड्यांच्या दाण्याचे डबे आणि त्यांच्यामध्ये एक खाट. खिडकी नाही. लाकडी झोपडीत आधीच एक तरुण जोडपं राहत होतं, एकमेकांच्या गळ्यात पडून, म्हणून दुसरी जागा नव्हती असं बाळ्याने हात चोळत सांगितलं. "आपलंच घर समजा," तो म्हणाला. पार्लरवालीने पोत्यांकडे बघितलं, बाळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही समजता का?" बाळ्या हसला. आपल्याला टोमणा मारला गेलाय हे कळायला त्याला नेहमी थोडा वेळ लागायचा.

बाई कामाला मात्र वाघ होती. खुरपं हातात घेतलं की वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मान वर करत नसे. आत्याला मनातल्या मनात बरंही वाटलं. आणि मग एक दिवस सूर्य डोक्यावर आल्यावर पार्लरवालीने अर्ध्या वाफ्यात खुरपं ठेवलं, हात झटकले आणि झाडाखाली जाऊन बसली.

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वयंपाकघरातून ती तरातरा बाहेर आली.

"काय हो, काय झालं? दुखतंय का काही?"

"नाही. दुपार झाली."

"जेवण कुठे झालंय अजून?"

"ते मला माहितीये," पार्लरवाली म्हणाली. "मघाशी पाणी प्यायला आत आले होते मी. गॅस बंद होता. पातेल्यात बटाटे थंड पाण्यात पोहतायत. तुम्ही शेजारी स्टुलावर बसून खिडकीबाहेर बघत होता. आत्या, जेवण उशिरा का होतं, हे एव्हाना शेळ्यांनासुद्धा कळलंय."

आत्याने अर्धवट राहिलेल्या वाफ्याकडे बोट दाखवलं. मग ती म्हणाली, "रोपांना काही घड्याळ कळत नाही, बाई. तण राहिलं की राहिलं."

"मग मालकांना बोलवा ना. झोप झाली असेल त्यांची."

"मालक कोण इथे? आम्ही सगळे घरचे आहोत."

"बरं. मग तुम्ही कधी बसता?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची दुपार कधी होते? मी उठते तेव्हा तुम्ही शेळ्यांपाशी असता. मी झोपायला जाते तेव्हा तुम्ही भांडी घासत असता. सुट्टीच्या दिवशी आम्ही गावात गेलो तर तुम्ही कोंबड्यांचं खुराडं धुवत होता."

"मी घरची आहे," आत्या मान ताठ करून म्हणाली. "मला कसली आलीय सुट्टी? सुट्टी तुमच्यासारख्यांना."

हे ती इतक्या ऐटीत म्हणाली, की पार्लरवालीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती नजर आत्याला आवडली नाही. आत जाऊन तिने गॅस पेटवला आणि भसकन मोठा केला. त्या दिवशी जेवण वेळेवर झालं, आणि भावजयीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

पार्लरवालीच्या आधी येऊन गेलेल्या कुणीतरी संस्थेकडे तक्रार केली होती. या शेतावर दुपार संध्याकाळी होते, असं म्हणे त्यात लिहिलं होतं. संस्थेच्या बाई स्वतः पाहायला येणार असा निरोप आला, आणि बाळ्या आरामखुर्चीतून ताडकन उठला. संस्थेने शेताचं नाव यादीतून काढून टाकलं की फुकटे येणं बंद. फुकटे बंद म्हणजे टोमॅटो कोण तोडणार? बाळ्या? छे! बाळ्याला टोमॅटो ताटात आल्यावरच ओळखू येत.

संध्याकाळी नवराबायको दोघंही स्वयंपाकघरात आले. दोघं एकत्र आले म्हणजे काहीतरी मागायला आले, हे आत्याला समजायला हवं होतं.

"ताई," बाळ्या म्हणाला, "तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?"

"काय ते बोल."

"प्रत्येक स्वयंसेवकाला खिडकीची, धड खोली हवी असा त्यांचा नियम आहे. आता ती पार्लरवाली पेंडीच्या खोलीत सापडली तर आपलं काही खरं नाही. तर एका दिवसापुरती तुझी खोली तिला..."

"आणि मी?"

"तू काय, तू घरचीच आहेस," बाळ्या म्हणाला, आणि भावजयीने जोडून दिलं, "वन्सं कधी नाही म्हणायच्या नाहीत, मी म्हटलंच होतं यांना."

दुसऱ्या दिवशी पहाटेच आत्याने आपली ट्रंक भरली. एका दिवसासाठी सगळी ट्रंक कशाला भरायची, पण कपाटात आपल्या वस्तू दिसायला नकोत असं भावजयीनेच बजावलं होतं. ट्रंक ओढत ती पेंडीच्या खोलीत आली आणि खाटेवर बसली. आंबूस, दमट वास होता. दाराला आतून कडी नव्हती, बाहेरून होती, पोती चोरीला जाऊ नयेत म्हणून. आत्याने ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं स्वतःला दाखवलं.

पार्लरवाली आपलं बोचकं घेऊन दारात उभी. "तुमची खोली मला का?"

"मीच दिली," आत्या म्हणाली.

"मागितली कुणी?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. जा, ऊन चांगलं येतं तिथे."

संस्थेच्या बाई आल्या. बारीक, चटपटीत, पायात भक्कम बूट, बोलणं मोजकं. बाळ्याने गवती टोपी घातली होती आणि कधी नव्हे ते हाताला थोडी माती लावून घेतली होती. तो त्यांना वाफे दाखवत हिंडला. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. जोडप्याने सगळं छान आहे म्हणून सांगितलं. त्यांना एकमेकांखेरीज इथलं काही दिसलंच नव्हतं, त्यामुळे ते खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. मग बाई पूर्वेकडच्या खोलीत आल्या.

"छान आहे खोली," त्या पार्लरवालीला म्हणाल्या.

"आहेच छान. आज सकाळी मिळाली," पार्लरवाली म्हणाली. "काल रात्रीपर्यंत मी पेंडीच्या पोत्यांत झोपत होते. आता तिथे आत्या झोपणार. चला, दाखवते."

बाळ्याच्या तोंडचं पाणी पळालं. सगळी वरात अंगण ओलांडून पेंडीच्या खोलीपाशी आली. आत्या तेव्हा शेळ्यांसाठी पेंड काढत होती. बाईंनी खाट पाहिली, ट्रंक पाहिली, छताला लागलेली जाळी पाहिली.

"इथे कोण झोपतं?" त्यांनी विचारलं.

बाळ्याने बहिणीकडे पाहिलं. कोणी नाही म्हण, ताई, अडगळीची खोली आहे म्हण, काहीही म्हण, असं त्याच्या डोळ्यांत अगदी ढळढळीत लिहिलं होतं. लहानपणी काच फोडल्यावर तो असाच बघायचा, आणि मार आत्या खायची. आत्ताही ती तोंड उघडून 'कोणी नाही' म्हणणारच होती. पण तिची नजर दाराबाहेरच्या कडीवर गेली.

"मी," ती म्हणाली.

"किती वाजता उठता?"

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती सांगायला लागली. उजाडायच्या आत शेळ्यांचं दूध, मग कोंबड्या, मग सगळ्यांची न्याहारी, मग यांच्याबरोबर वाफ्यात, मधूनच स्वयंपाकाला, जेवणं झाली की भांडी, मग टोमॅटो निवडून खोक्यांत भरायचे, मग पुन्हा दूध, मग रात्रीचं जेवण, पुन्हा भांडी, आणि भावजयीचे साबण कापायचे असले तर ते. सांगता सांगता तिचा आवाज बदलत गेला. आपण कुणाविषयी तरी तक्रार करतोय असं तिला वाटायला लागलं, आणि ज्या बाईची ही कहाणी आहे तिची तिला कीवच आली. मूर्ख बाई, तिला वाटलं. कुणी इतकं राबवून घेऊ देतं का? मग तिच्या लक्षात आलं, की इतके दिवस बारीक आचेवर बटाटे ठेवून इतरांनाही राबवून घेणारी हीच ती मूर्ख बाई. आपल्याला मिळत नाही ते यांनाही मिळू नये, एवढीच तिची अक्कल! त्या गोष्टीची तिला मनापासून लाज वाटली.

संस्थेच्या बाईंच्या भुवया एव्हाना वर चढल्या होत्या. त्या बाळ्याकडे वळल्या. "हे काय आहे? इतके तास? आणि असल्या खोलीत? एवढ्या एका गोष्टीवरून मी तुमचं शेत बंद करू शकते, कळतंय का? स्वयंसेवकाला अशी वागणूक देतात?"

पार्लरवालीने हाताची घडी घातली. भावाचं नुकसान होणार याचं आत्याला वाईट वाटत होतं, आणि कुणीतरी आपल्यासाठी भांडतंय याचा आनंदही होत होता. दोन्ही एकदमच.

"अहो, स्वयंसेवक कसली!" बाळ्या जवळजवळ ओरडलाच. "ती माझी सख्खी बहीण आहे!"

बाईंच्या भुवया खाली आल्या. एखाद्या फुग्यातली हवा जावी तसा त्यांचा राग निघून गेला.

"बहीण का? मग आधी नाही का सांगायचं?" त्या म्हणाल्या. "घरच्या माणसांना आमचे नियम लागू नसतात. तो तुमचा आपसातला प्रश्न."

"म्हणजे यांनी इथे राहिलं तर चालतं?" पार्लरवालीने विचारलं.

"बहीण आहे ना त्यांची," बाई जरा चिडूनच म्हणाल्या. "भावाच्या घरी बहीण कुठे झोपते, हे मी कोण ठरवणार? काल रात्रीपर्यंतचं या वेळी सोडून देते, पण तुमची आजची खोली मी पाहिली, ती बदलता कामा नये. मी अधूनमधून येऊन बघेन."

झालं. बाळ्याचा चेहरा असा काही उजळला, की त्याने टोपी काढून टक्कल पुसलं. पार्लरवाली काही बोलायला गेली, पण आत्याने मानेनेच तिला थांबवलं. त्या दिवशी जेवण अगदी भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना तयार झालं. आत्यानेच वाढलं. संस्थेच्या बाईंनी सूप दोनदा मागून घेतलं आणि इथलं वातावरण अगदी घरगुती आहे असं म्हणाल्या. बाळ्याने मान डोलावली. खोटं बोलायची गरज उरली नाही की बाळ्या फार नम्र होतो.

आत्या ताटं उचलत असताना भावजय तिच्या कानाशी आली. "वन्सं, बाई अधूनमधून येणार म्हणतायत. तेव्हा ती खोली आता तिच्याकडेच राहू दे. पोती जरा सरकवली की तिथे ऐसपैस होईल तुम्हाला. यांना मी म्हटलंय."

"बाळ्या काय म्हणाला?"

"ते काय म्हणणार? म्हणाले, ताईला चालेल."

आत्याने ताटं तिथेच टेबलावर ठेवली. ओशट, सुपाने बरबटलेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने उष्टी ताटं टाकून स्वयंपाकघर सोडलं. पेंडीच्या खोलीत जाऊन तिने ट्रंक उचलली. ट्रंक उघडायला तिला वेळच मिळाला नव्हता, तेव्हा भरायचा प्रश्न नव्हता. अंगणातून ती थेट फाटकाबाहेर संस्थेच्या बाईंच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. मागून पार्लरवाली आली, तिने ट्रंकेची दुसरी कडी धरली.

बाई हात पुसत आल्या. "काय झालं?"

"तुमच्याकडे पुष्कळ शेतं असतील," आत्या म्हणाली.

"आहेत की."

"त्यातलं एखादं असं सांगा, जिथे माझं नात्याचं कोणी नाही. मला दूध काढता येतं, खुरपता येतं, स्वयंपाक येतो. दुपारच्या जेवणापर्यंत करीन. त्यानंतर नाही. आणि दाराला आतून कडी हवी."

बाईंनी ट्रंकेकडे पाहिलं, मग आत्याकडे. सकाळपासून प्रत्येक गोष्टीवर नियम सांगणाऱ्या त्या बाईला या वेळी नियम आठवेना. जेवताना तोंडात गोड लागलेलं सूप त्यांना आता जरा जड गेलं असावं.

"नदीपलीकडे एक कोंबड्यांचं शेत आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "दोघी मैत्रिणी चालवतात. माणूस हवंय त्यांना. मी सोडते तुम्हाला. आणि खोली मी आधी बघीन, मग तुम्ही उतरा."

पार्लरवालीने ट्रंक डिकीत ठेवली. आत्या पुढच्या सीटवर बसली. सीटचा पट्टा कसा लावायचा ते तिला कळेना, बाईंनी लावून दिला. गाडी सुरू झाली तसा बाळ्या व्हरांड्यातून धावत आला, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. त्याला असं धावताना शेतावर कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"ताई! अगं ताई, थांब!"

बाईंनी गाडी थांबवली आणि आत्याकडे बघितलं. आत्याने काच खाली केली. तिचा हात पट्ट्याच्या बटणावर होता.

"अगं, संध्याकाळचं दूध कोण काढणार?" बाळ्या धापा टाकत म्हणाला.

कुठे चाललीस, एवढं जरी त्याने विचारलं असतं तरी आत्या बहुधा उतरली असती. तिने काच वर केली आणि बाईंना म्हणाली, "चला."